व्ही.पी.नं आलेली बाई

बद्रीनाथला फसवणारा माणूस अजून कोण्या मायच्या पोटी जन्मायचा होता. असं खुद्द बद्रीनाथचंच म्हणणं होतं, आन मंठ्याच्या बसस्टँडसमोर सायकलींचे पंक्चर काढता काढता तो ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. फसवायचं काम त्याचं. नवा फौजदार आल्ता तव्हा ह्यानं त्याला सांगितलं की अमक्या वाण्यानं तुम्हाला फराळाला बोलावलंय, आन वाण्याला सांगितलं की साहेब झडतीला येऊन राह्यले. फौजदार मांडी घालून शिरा हाणून राह्यला, वाणी लटलट कापत वरून तूप वाढून राह्यला, आन खिडकीखाली बद्रीनाथ तोंडात रुमाल कोंबून बसला!

हे सगळं मंग घरी येऊन सगुणाबाईला सांगायचं. सगुणाबाई म्हणजे त्याची बायको. तिचं हसणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात ज्वारी ओतावी तसं. सुरू झालं की डबा भरेस्तोवर थांबायचं न्हाई. खरं सांगायचं तं बद्रीनाथ गावाला फसवायचा तो त्या हसण्यापायी.

एक मजाक मात्र अंगलट आली. जाफराबादेकडं त्याची सासुरवाडी. एकदा त्यानं तिकडं सांगावा धाडला की बद्रीनाथ वारला. सासू गोजरबाई ऊर बडवत गाडीतून उतरली, तं जावई ओट्यावर बसून भजे खाऊन राह्यला. "या मामी, गरम हायेत." गोजरबाई पाण्याचा घोट न घेता माघारी गेली.

पुढं काही वर्षांनी सगुणाबाईच्या पोटात कळ उठली. जालन्याला नेता नेता वाटंतच सगळं आटपलं. सासुरवाडीला सांगावा गेला. गोजरबाई म्हणली, "ह्या डावाला मी न्हाई फसायची," आन सांगावा आणणाऱ्यालाच दोन शिव्या घालून वावरात निघून गेली. खरं कळलं तव्हा ती आली, पण तवर राख झाल्ती. म्हातारी रडली न्हाई. तिनं एवढंच इचारलं, "जाताना तोंड कसं दिसत होतं तिचं?"

ज्याची जीभ कधी अडली न्हाई त्या बद्रीनाथला सांगता आलं न्हाई.

तव्हापासून त्याच्या डोस्क्यात एकच. वर्षश्राद्धाला म्हातारी येईल, तव्हा तिला लेकीचं तोंड दाखवायचं. भिंतीवर, मोठं, रंगीत.

आता सगुणाबाईचा फोटो होता तो एकच. लेक शिवकन्याच्या लग्नातला, काळापांढरा, बारका, आन त्यात बी पाचपंचवीस बाया. नेमका फोटो निघताना बद्रीनाथनं इहिणबाईच्या अंबाड्याबद्दल कायतरी कानात सांगितल्तं, म्हणून सगुणाबाईचा जबडा असा उघडा की पडजीभ दिसावी. असा फोटो हार घालून भिंतीवर लावावा कसा? लोक म्हणतील, बाईला मेल्याचा आनंद झालाय.

तेवढ्यात एका साप्ताहिकात जाहिरात दिसली. दिल्लीकडची कोणती तरी कंपनी. जुना फोटो पाठवा, आमचे कलाकार मोठा रंगीत करून देतील. मिटलेले डोळे उघडू, विस्कटलेले केस बसवू, पाहिजे ते दागिने घालू. पैसे आधी न्हाई, व्ही.पी. पोस्टात पार्सल आलं की भरा. बद्रीनाथ खूश. आधी पैसे मागत न्हाईत म्हणजे माणसं बराबर हायेत!

फोटोतल्या सगुणाबाईवर पेनानं गोल करून त्यानं खाली सूचना लिहिल्या. तोंड मिटवणे. गाल भरणे. केस काळे करणे. हनुवटीवरचं गोंदण काढणे. रंग जरा उजळ. आन गळा सोन्यानं भरणे, कमी करू नये. जल्मभर बिचारीला एक मणी करता आला न्हाई, आता कंपनी फुकट घालते म्हणल्यावर कामून कंजुषी करा?

श्राद्ध तोंडावर आलं तव्हा पोस्टमन इनायत पार्सल घेऊन दुकानावर आला. इनायत म्हणजे बद्रीनाथचा बालमित्र, दोघं एकाच बिडीचे. पैसे भरले, दोरी तोडली, पुठ्ठा काढला, आन बद्रीनाथ बघतच राह्यला.

आत एक बाई होती. गोरीपान, गाल गुलाबजामासारखे, केस डांबरी सडकेसारखे, ओठ असे घट्ट जसं काही तोंडात पान हाये आन थुंकायला जागा न्हाई. गळ्यात तं सराफाचं आख्खं कपाट!

"कोण रे ही?" बद्रीनाथ म्हणला.

"तेरेकू मालूम. पार्सल तेरा, बाई तेरी," इनायत म्हणला.

बद्रीनाथनं पुठ्ठ्याच्या आत पाह्यलं, मागं पाह्यलं. जुना फोटो परत पाठवू म्हणले होते, तो बी न्हवता. त्याच्या डोस्क्यात उजेड पडला. पाकिटांची अदलाबदल झाली. कोणाची तरी बाई इकडं आली, आन सगुणा कोण्या परमुलखात कोणाच्या तरी भिंतीवर गेली.

तवर शेजारच्या उषाबाई आल्या. त्यांनी फोटो पाह्यला आन तिथंच बसकण मारली. पदर तोंडाला. सगुणाबाई, किती गोड दिसता वं, जित्तेपणी असं अंग भरलं असतं तं! बद्रीनाथ म्हणला, उषाबाई, ही आमची न्हाई. उषाबाई डोळे पुसता पुसता हसल्या. "मेल्या बायकोची तरी थट्टा सोडा," म्हणल्या. गल्ली जमली. सगळ्यांनी सगुणाबाई ओळखली, एक सोडून. हा जितकं म्हणावं ही आमची न्हाई, तितकी माणसं हसावी. ज्यानं जल्मभर खोटं पचवलं त्याचं खरं कोण खाईल?

शेवटी बद्रीनाथ मारुतीच्या पारावर गेला, देवाच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली, आन बोलता बोलता तो रडायलाच लागला. बद्रीनाथला रडताना मंठ्यानं पयल्यांदा पाह्यलं. मंग हळूहळू सगळ्यांनाच दिसायला लागलं की ही सगुणाबाई न्हाईच. उषाबाई म्हणल्या, मला आधीच वाटलं होतं, ही जरा तोऱ्याचीच दिसते. दुसरीनं तिचे डोळे मांजराचे ठरवले. जाफराबादच्या जीपवाल्याबरोबर बद्रीनाथनं गोजरबाईला सांगावा बी धाडला, की आलेला फोटो सगुणाचा न्हाई, उगं आशा धरू नका. ह्या येळी तरी म्हातारीला खोटं कळायला नको.

आता फोटो परत करायचा. इनायतनं सांगितलं, फोडलेली व्ही.पी. परत होत न्हाई, पैसा दिया, पुडा खोला, किस्सा खतम. पण बद्रीनाथ ऐकतो व्हय? त्यानं कापड आणलं, पार्सल सुईदोऱ्यानं शिवलं, लाख लावली आन आपल्या खर्चानं रजिस्टर केलं. आत चिठ्ठी टाकली: तुमची बाई परत पाठवून राह्यलो, माझी बाई जल्दी पाठवा. संध्याकाळच्या गाडीनं टपालाची थैली जालन्याला गेली, तव्हा त्याला जरा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिवकन्या श्राद्धासाठी माहेरी आली. तिला सगळा किस्सा कळलाच होता. ती म्हणली, अण्णा, मला दाखवायचा तरी. बद्रीनाथ म्हणला, बघण्यासारखं काय होतं त्यात? आन मंग जल्माची खोड, तो त्या बाईची नक्कल करायला लागला. गाल फुगवले, ओठ आवळले, मान ताठ केली.

"श्रीमंतीचा तमाशा तं असा, की ठुशी हाये, मोहनमाळ हाये, एकदाणी हाये, आन एवढ्यानं भागलं न्हाई म्हणून पोतीला दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या. त्या बी सोन्याच्या!"

शिवकन्या हसली न्हाई.

"कशा पिना, अण्णा?"

"कशा म्हणजे? एक मोठी, एक बारकी."

शिवकन्या हळूच खाली बसली. "आईच्या पोतीला पिना राह्यच्या. एक मोठी, एक बारकी. काटा काढायला, पदराला लावायला. त्या चिताऱ्याला काय ठाऊक? त्याला वाटलं दागिनाच हाये. त्यानं त्या बी सोन्याच्या केल्या."

बद्रीनाथचे फुगवलेले गाल तसेच राह्यले. मंग हळूहळू बसले, पंक्चर झालेल्या ट्यूबीसारखे. तोंड मिटवा म्हणणारा तो. गाल भरा, गोंदण काढा, गोरी करा म्हणणारा तो. जे जे सगुणाबाईचं होतं ते ते त्यानं स्वतःच लिहून काढून टाकायला लावलं, आन मंग म्हणला, ही कोण?

जुना फोटो तं कंपनीनं गिळला होता. म्हणजे जगात सगुणाबाईचं तोंड आता एकाच ठिकाणी होतं, लाख लावलेल्या पार्सलात, आन ते दिल्लीला निघालं होतं.

त्यानं इनायतला सायकलवरून ओढलं आन दोघं जालन्याच्या गाडीत बसले. टपाल छाटायच्या हापिसात एक कारकून चष्मा कपाळावर ठेवून बसला होता.

"पार्सलात काय हाये?" त्यानं इचारलं.

"माही बायको."

कारकुनानं चष्मा खाली घेतला. "मंग पाठवली कामून?"

"ती माही न्हाई म्हणून."

"आन आता?"

"आता हाये."

कारकुनानं इनायतकडं पाह्यलं. इनायतनं हात जोडले आन म्हणला, साहब, ये आदमी जिंदगी में पहली बार सच बोल रहा है, इसको संभाल लो. अर्ज झाला, सही झाली, फी झाली. थैल्यांच्या ढिगातून पार्सल निघालं. बद्रीनाथनं गाडीत ते मांडीवर घेतलं. मंठ्यापर्यंत इनायतनं त्याला चार येळा बिडी दिली, त्यानं एक बी पेटवली न्हाई. दोन्ही हात पार्सलावर होते.

श्राद्धाच्या दिवशी सकाळीच गोजरबाई आली. पाटावर बसली, पाणी प्याली, भिंतीकडं पाह्यलं. बद्रीनाथनं फोटो उतरवून तिच्या हातात दिला. म्हातारीची नजर अजून सुईत दोरा ओवायची. तिनं फोटो उजेडाला धरला आन लई येळ बघत राह्यली.

"मला तं सांगावा आल्ता, ही आपली न्हाई म्हणून."

"तो सांगावा चुकीचा होता, मामी. ही सगुणाच हाये."

"मागं तुमी मेल्याचा आल्ता, तो बी चुकीचाच होता."

दारात उषाबाई उभ्या होत्या, गल्लीतल्या आणखी दोघीतिघी होत्या. कोणी हसलं न्हाई. बद्रीनाथनं पुढं वाकून पिना दाखवल्या. ह्या बघा, एक मोठी, एक बारकी. गोजरबाई म्हणली, सोन्याच्या पिना? माह्या लेकीच्या अंगावर सोन्याचा मणी न्हवता, ही कोण्या सावकाराच्या घरची हाये. उषाबाईंनी लगेच मान हालवली, आम्ही बी तेच म्हणलो. शिवकन्या म्हणली, "आजी, खरंच आई हाये वं." तं आजी म्हणली, "तू बी त्याचीच लेक."

मंग गोजरबाईनं फोटोतल्या मिटलेल्या ओठावर बोट ठेवलं.

"जावईबापू, एक सांगा. माही पोर अशी तोंड मिटून बसली असती का?"

बद्रीनाथच्या जिभेवर शंभर उत्तरं यायची, त्या दिवशी एकच आलं.

"न्हाई, मामी. न्हाई बसली कधी."

"मंग," गोजरबाई म्हणली. "खरं बोलाया काय जातं माणसाचं?"

तिनं फोटो भिंतीतल्या देवळीत टेकवून ठेवला आन विषय मिटवला. पुढं भटजी आले, पिंड झाले, कावळ्यानं घास घेतला. सगुणाबाईच्या नावाचं पान गोजरबाईनं स्वतःच्या हातानं वाढलं आन अंगणात, उघड्या जागेवर ठेवलं. तिथं ती रडली. वर्षभराचं रडली. शिवकन्यानं तिला धरून आत आणलं.

आत येता येता म्हातारीची नजर देवळीकडं गेली. तिनं डोळे पुसले, आणखी एक पान मागितलं. त्यावर पोळी वाढली, वडे वाढले, खीर वाढली, आन पान देवळीत फोटोसमोर नेऊन ठेवलं.

"कोणाची का असंना," ती म्हणली. "एवढ्या लांबून आली बिचारी. आपल्या दारातून उपाशी कशी धाडायची?"

गोजरबाई जावयाकडं वळली. "जावईबापू, घर तुमचं हाये. पाहुणीला आग्रह करा."

बद्रीनाथ देवळीसमोर गेला. तीस वर्षं जिला त्यानं 'ए सगुणे' सोडून दुसरी हाक मारली न्हाई, तिच्यासमोर त्यानं टोपी सारखी केली, हात जोडले, आन परक्या घरच्या बाईशी बोलावं तसं खाली बघून म्हणला,

"घ्या, बाई. लाजू नका."