प्रिय नमुना

"यात चुकायला जागाच नाही, मॅडम," असं काटेकोर सोमवारी सकाळी भर ऑफिसात म्हणाला. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण ज्या माणसाकडे चहाचा कप धुण्याचीही पाच कलमी यादी असते, त्याला लोक दुसरं काय म्हणणार?

त्याची कंपनी वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर करायची. शहरातलं मोठं वाचनालय त्यावरच चालायचं. नवी आवृत्ती तयार झाली होती, पण ती पाच-पन्नास खोट्या सभासदांवर चालवून काय कळणार? म्हणून विभागप्रमुख मॅडमनी ठरवलं होतं, की क्लाउडवर चाचणीसाठी एक वेगळी सिस्टम उभी करायची आणि तिच्यात वाचनालयाच्या खऱ्या माहितीचा नऊ वर्षांपूर्वीचा बॅकअप ओतायचा. इतक्या जुन्या नोंदी नवीन आवृत्तीला पचल्या, म्हणजे काहीही पचेल.

"माणसं ओळखू येणार नाहीत ना?" मॅडमनी विचारलं.

"नावांच्या जागी 'नमुना १', 'नमुना २' घातलंय. मोबाईलच्या रकान्यात सगळीकडे शून्य. मी तीनदा तपासलंय."

त्याने बटण दाबलं. पडद्यावरचे आकडे सरसर चढायला लागले. दहा हजार सभासद, वीस हजार, एकेचाळीस हजार. कोणी कधी कुठलं पुस्तक नेलं, कधी आणलं, सगळं ओळीने उतरत होतं. अख्खं शहर आपल्यासमोर चपला काढून आत येऊन बसतंय, असं काटेकोरला वाटलं. तो चहा प्यायचा विसरला.

सगळं उतरलं आणि सिस्टम जागी झाली. तिने आजची तारीख पाहिली. अकरा हजार लोकांनी नऊ वर्षं पुस्तकं परत केली नाहीत, असा हिशेब तिने केला. मग तिला शिकवलं होतं ते तिने इमानदारीत केलं.

बारा वाजता काटेकोरच्या सासऱ्यांचा फोन आला. ते निवृत्त गणितशिक्षक. उगाच फोन करणाऱ्यातले नव्हेत.

"जावईबापू, वाचनालयानं मला नमुना म्हटलंय."

"काय म्हटलंय?"

"वाचतो. 'प्रिय नमुना तीनशे सात, तुमच्याकडचं पुस्तक अजून परत आलेलं नाही. कृपया त्वरित आणून द्यावे.' मी चाळीस वर्षं मुलांना शिस्त शिकवली. मला नमुना?"

"बाबा, काहीतरी चूक झाली असेल."

"तेच म्हणतोय मी. पण तुमच्या सासूबाई म्हणतात, मशीन असून बरोबर ओळखलं." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "पुस्तक मात्र आहे माझ्याकडे. सापडलं. माळ्यावर होतं."

काटेकोरने फोन ठेवला. त्याने बॅकअप उघडून पाहिला. नऊ वर्षांपूर्वी मोबाईलच्या रकान्यात कोणी काही भरतच नव्हतं. नंबर असायचे शेजारच्या 'संपर्क २' या रकान्यात. म्हणजे त्याने रिकाम्या रकान्यात मोठ्या निगुतीने शून्यं भरली होती. आणि बॅकअपबरोबर जुनी सेटिंगही आली होती, त्यात संदेश पाठवायची किल्ली, म्हणजे वाचनालयाच्या नावाने संदेश धाडायचा सांकेतिक परवाना. ती नऊ वर्षांत कोणी बदललीच नव्हती.

त्याने घाईघाईने ती किल्ली कायमची रद्द केली, मग चाचणीची सिस्टम पुसली आणि मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

"किती जणांना गेला?" त्यांनी विचारलं.

"अकरा हजार."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लोकांची माहिती आपल्या भरवशावर असते. वाचनालयानं उद्या करार मोडला तर मी त्यांना दोष देणार नाही. चल, आत्ताच जाऊन माफी मागू."

वाचनालय दोन चौक पलीकडे होतं. पहिल्या चौकातच त्यांना रांग लागली. काटेकोरला आधी वाटलं, मोर्चा आहे. मग त्याला लोकांच्या हातातली पुस्तकं दिसली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, पिशवीत घातलेली, नुसतीच छातीशी धरलेली. रांग वाचनालयाच्या पायऱ्या उतरून, कोपरा वळून, बँकेच्या दारासमोरून इथवर आली होती. कोणी भांडत नव्हतं. लोक एकमेकांना आपापली पुस्तकं दाखवत होते.

"तुम्ही कितवे नमुने?" एका सुताराने काटेकोरला विचारलं. कानामागे अजून पेन्सिल होती. "मी दोन हजार अकरा. हे बघा, लाकडी जिने कसे बांधायचे. यावरच मी धंदा शिकलो. परत करायची लाज वाटायची हो, पानांना सगळा डिंक लागलाय."

त्याच्यामागे एक वयस्क बाई उभ्या होत्या. "हे आमच्या ह्यांनी आणलेलं," त्या म्हणाल्या. "ते गेले त्याला सहा वर्षं झाली. एकशे बाराव्या पानावर खूण आहे. सकाळी संदेश आला म्हणून काढलं, आणि उरलेलं रांगेत उभ्या-उभ्या वाचून संपवलं. शेवट चांगला आहे. त्यांना आवडला असता."

काटेकोरने रांगेवरून नजर फिरवली. सकाळी पडद्यावर जे आकडे सरसर चढत होते, ते हे होते. मॅडम रांगेच्या कडेने पुढे निघाल्या, तोही मागोमाग गेला.

आत ग्रंथपाल बाई पुस्तकांच्या ढिगाऱ्यामागे जेमतेम दिसत होत्या. काटेकोरने सगळं एका दमात सांगून टाकलं. रकाना, किल्ली, स्वतःचा मूर्खपणा, काही लपवलं नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. "चूक गंभीर आहे," त्या म्हणाल्या. "त्याचं लेखी द्यावं लागेल, आणि या सगळ्यांना खरं काय झालं तेही कळवावं लागेल." मग त्यांनी ढिगावरचं एक पुस्तक उचलून त्यावरून हात फिरवला. "पण मी नऊ वर्षं 'आदरणीय सभासद' म्हणून पत्रं पाठवली. एकानंही ढुंकून पाहिलं नाही हो."

चार दिवसांत तीन हजार सहाशे पुस्तकं आली. काटेकोर रोज ऑफिस सुटल्यावर जाऊन ती हाताने नोंदवायचा, कारण चालू सिस्टमच्या मते ही पुस्तकं हरवून कधीच निकालात निघाली होती. सासरे शेजारी बसून आकडे तपासायचे.

पाचव्या दिवशी जागा संपली. पुस्तकं जिन्यात आली, मग स्वच्छतागृहाच्या दाराशी.

"आता एकच उपाय," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "सभासदांना संदेश पाठवा. या, हवी ती पुस्तकं घरी न्या."

काटेकोर ओशाळला. "पाठवता येणार नाही. ती किल्ली मी घाबरून रद्द केली ना, चालू सिस्टमचीही तीच होती. नवी मिळायला तीन आठवडे लागतील."

शेवटी त्याने एक पुठ्ठा घेतला, त्यावर मार्करने 'पुस्तकं घरी न्या' असं लिहिलं, तीनदा तपासलं आणि दाराला टांगलं.

तासाभरात एक गृहस्थ दोन्ही काखांत पुस्तकं घेऊन बाहेर आले. "परत कधी आणायची?" त्यांनी विचारलं.

काटेकोरने आत बाई ऐकत नाहीत ना ते पाहून घेतलं.

"तुम्हाला आठवेल तेव्हा आणा," तो हळूच म्हणाला. "आमच्याकडून काही येणार नाही."