दुसरा सिलिंडर

“अश्विनदादा, तुझ्या गाडीले दमा झाला का?”

हा प्रश्न भर मांडवात विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, मंजू आणि अंजूनं, लावली होती. आणि मी विचारला! मामाच्या अश्विनदादाची नागपूरहून आलेली लाल टर्बो गाडी खरंच धापा टाकत होती. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवाही पेटला होता. रामपायलीला मावशीच्या बाळाचं नामकरण, पण बाळाकडे बघतंय कोण? सगळे गाडीकडे! आणि पुढच्या सीटवर दादाची बहीण प्रियंका, काळा चष्मा लावून. जणू अख्खा बालाघाट जिल्हा तिच्याच नावावर! आम्ही आलो बाबांच्या ट्रॅक्टरवर. एका मडगार्डवर आई, दुसऱ्यावर मी, केसांत आमच्या अर्ध्या वारासिवनीची धूळ. शाळेत जातानासुद्धा मी लाजून गेटच्या अलीकडे, कोपऱ्यावरच ट्रॅक्टरवरून उतरते. जळणार नाही तर काय!

“तुले काय समजते त्यातलं?” प्रियंका फणकारली.

“बाबाच्या गॅरेजात वाढली मी! गाडीच्या बिघाडाचा कोड काढून दाखवते. मंग जाताना पुढच्या सीटवर मी! कबूल?”

“हौ, कबूल,” दादा हसला.

मी ऐटीत बोनेट उघडायला लावलं, ट्रॅक्टरच्या पेटीतलं बाबांचं स्कॅनर स्टिअरिंगखाली खोचलं. मोबाईलवर कोड आला. मंजूला ऐकू जावं म्हणून मी खच्चून ओरडले, “सापडलं! दुसरा सिलिंडर मिसफायर!”

आता, दादाच्या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर होते; त्यातल्या दुसऱ्यात पेट्रोल नीट पेटत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. मांडवामागे दोनच होते, गॅसचे! दुसऱ्यावर स्वयंपाकाच्या चंपाबाईंची वांग्याची भाजी रटरटत होती.

“अवं माय! दुसऱ्या सिलिंडरले फायर!” झारा फेकून चंपाबाई पळाल्या. मावशीनं बाळ उचललं, मामानं जिलेबीचं ताट!

“नाही हो! आपला नाही, गाडीतला सिलिंडर!” मी ओरडले.

तिथंच घात झाला!

“गाडीत सिलिंडर? काहून ठेवला? ओता रे पानी!”

बोनेटमधून ओतलं, खिडक्यांतून ओतलं. गाडी होती की म्हशीचं डबकं, कळेना.

बाबा धावत आले. “आमू! कोड का होता?”

“दोन नंबर मिसफायर...”

“याच्या आधी इंजिनवर पानी कोणं मारलं होतं?”

प्रियंकानं चष्मा काढला. “सकाळी... फोटोसाठी धुतली होती. बोनेटसुद्धा.”

“ठिणगी देणाऱ्या एका कॉइलमंदी पानी गेलं होतं, बाप्पा! उन्हात वाळलं असतं!”

दादानं चावी फिरवली. मी पुन्हा स्कॅनर पाहिलं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळेच मिसफायर! गाडीनं एक उचकी दिली आणि मान टाकली.

मग टर्बो गाडी दोरानं ट्रॅक्टरला बांधली.

“बस आमू,” दादा दात ओठ खात म्हणाला. “कबूल केलंतं ना? पुढची सीट!”

बसले. सीट पचपचत होती, काच वर होत नव्हती, सगळी धूळ माझ्या तोंडावर. आणि समोर माझ्या मडगार्डवर प्रियंका! केस उडतायत, मंजू-अंजू तिचे फोटो काढतायत, आणि बाबा तिला हॉर्न वाजवू देतायत. मला कधी वाजवू दिला नाही!

वारासिवनीला उतरल्याबरोबर, ओल्या फ्रॉकनं, मी आईबाबांसमोर उभी राहिले.

“ऐका! मी ठरवलं! उद्यापासून मी शाळेच्या गेटपर्यंत ट्रॅक्टरवरच जाईन. अन् ते मडगार्ड माझं हाय, हॉर्नसकट! प्रियंकाले सांगून ठेवा!”