रविवारी दाखवायचा मासा

मालतीबाईंनी फोनवर "काय जेवनात?" असं विचारलं आणि धुडकूआप्पा "मासा" म्हणून मोकळे झाले. खरं म्हणजे ते दुधात टोस्ट बुडवून जेवले होते. कालही तेच, परवाही तेच. पण सलग तिसऱ्या दिवशी बायकोला टोस्ट सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

"मासा? कोठून आना?"

"तलावमाथून. मना हातना शे."

पलीकडून नातवाच्या रडण्याचा आवाज येत होता. लेकीच्या, रंजनाच्या बाळंतपणासाठी मालतीबाई चोपड्याला गेल्या होत्या. गेल्या होत्या सव्वा महिन्यासाठी, आता तिसरा महिना लागला होता. नवऱ्याचं खोटं ओळखायला त्यांना सुरतेत असावं लागत नसे.

"आईतवारले व्हिडिओवर दखाडा मंग," त्या म्हणाल्या. "नही ते मी भूपेंद्रले सांगस. तो यीसन तुमले वापीले लई जाई. आनि तो पंखा दुरुस्त करा पहिले. खट-खट, खट-खट, काही आयकू येत नही."

वापीचं नाव काढल्यावर आप्पांनी घाईघाईने फोन ठेवला. तिथे भूपेंद्रचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट होता. मुलगा चांगला, सून चांगली, फक्त दोघंही सकाळी आठला जात आणि रात्री आठला येत. मागच्या दिवाळीत आप्पा तिथे चार दिवस राहिले. लिफ्टमधली रेकॉर्डवरची बाई मजल्याचा आकडा सांगायची, तेवढाच दिवसभरात माणसाचा आवाज. तिसऱ्या दिवशी तर आप्पा काही काम नसताना तो ऐकायला खाली-वर करून आले होते.

सुरतेत, डिंडोलीतल्या त्यांच्या खोलीतही काही फार माणसं नव्हती. शेजारची दोन्ही बिऱ्हाडं बारा-बारा तासांच्या पाळीवर, त्यामुळे एक तर दाराला कुलूप, नाही तर आत घोरणं. चौतीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढून घरी बसलेल्या माणसाला ती शांतता सहन होत नव्हती. म्हणून तर पंख्याचा स्क्रू त्यांनी स्वतःच्या हाताने ढिला केला होता. खट-खट चालू असली की कुणीतरी घरात काम करतंय असं वाटायचं. हे अर्थातच मालतीबाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

थोडक्यात, रविवारपर्यंत मासा हवा होता. बाजारातून आणावा म्हटलं तर बाजारातल्या माशाचे डोळे बघून तो कधीचा आहे ते मालतीबाई फोनमधूनही सांगतील, यात आप्पांना शंका नव्हती. आणि दुसरं म्हणजे त्यांच्यातला जुना गडी जागा झाला होता. लहानपणी तापीकाठच्या गावात धुडकूसारखा गळ टाकणारा पोरगा नव्हता. मासा कुठे बसतो ते त्याला पाण्याकडे बघून कळायचं. हीच तापी पुढे सुरतेत येते, पण इथे ती त्यांनी फक्त बसच्या खिडकीतून पाहिली होती.

मंगळवारी सकाळी आप्पा जवळच्या तळ्यावर गेले आणि पाणी बघूनच चक्रावले. नदीला वळण असतं, खडक असतो, डोह असतो. मासा खडकामागे दम खायला थांबतो, एवढं तापीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. इथे चारी बाजूंनी फरशी, मध्ये गोल पाणी, आणि ते कुठेही जात नव्हतं. मुलगी बघायला गेल्यासारख्या त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. शेवटी पावसाळी नाला जिथे तळ्यात उतरतो तिथे एक बगळा दिसला. आप्पांनी मनातल्या मनात त्याचे आभार मानले आणि त्याला हुसकून त्याच्या जागेवर बसले.

काठी न्यावी तर सगळ्यांना दिसणार, म्हणून त्यांनी लूमवरची रिकामी बॉबिन आणली होती. तिच्यावर नायलॉनची दोरी गुंडाळलेली, टोकाला गळ, गळावर कणकेची गोळी. बॉबिन मांडीखाली दाबून ठेवली की बघणाऱ्याला फक्त पाण्याकडे तोंड करून बसलेला एक म्हातारा दिसे. बाजूला कणकेचा डबा. नमुना म्हणून दोन-चार मोकळ्या गोळ्या पाण्यात टाकल्या आणि आप्पा वाट बघू लागले.

मासा आला नाही, शिट्टी आली. तळ्याचा वॉचमन विठ्ठल जालन्याकडचा होता आणि नोकरीत नवा असल्यामुळे दिसेल त्याला शिट्टी मारत होता.

"ओ काका, काय चाललंय तुमचं? बोर्ड वाचता येत न्हाई का? मासे धरायचे न्हाईत इथं."

बोर्ड गुजरातीत होता. चौतीस वर्षांत आप्पांनी गुजरातीत बसच्या पाट्यांपलीकडे काही वाचलं नव्हतं. ते काही बोलणार एवढ्यात मागच्या बाकड्यावरून एक सावकाश आवाज आला.

"अरे भाई, ए तो माछली ने लोट खवडावे छे. पुण्य का काम है. तू सीटी मत बजा, माछली डर जाती है."

बोलणारा पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यातला, सत्तरीचा, काठी टेकून बसलेला गृहस्थ होता. विठ्ठलने डब्यातली कणीक पाहिली, आप्पांचं भेदरलेलं तोंड पाहिलं, आणि त्याला ते भक्तीचं वाटलं. "मग तसं सांगायचं ना काका," म्हणत तो निघून गेला. आप्पांनी वाचवणाऱ्याकडे बघून मान हलवली. माशांना कणीक भरवणारा पुण्यवान माणूस होण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता, पण शिट्टीपेक्षा ते बरं होतं.

बुधवारी तो गृहस्थ बाकड्यावर नव्हता. तो आप्पांच्या जागेशेजारी सतरंजी टाकून, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन तयार होता.

"बेसो, बेसो. हुं ठाकोरभाई. कल तुम्हारे पास लोट कम था, इसलिए मैं लाया."

ठाकोरभाईंनी गोळ्या वळल्या आणि मूठमूठ पाण्यात फेकायला सुरुवात केली, नेमक्या आप्पांच्या गळाच्या आजूबाजूला. मासे आले, भरपूर आले. तोंडं वर काढून फुकटची कणीक मटकावू लागले. गळावरच्या गोळीकडे एकानेही पाहिलं नाही. पंगत बसलेली असताना कोपऱ्यातला एकच लाडू कोण उचलणार? आप्पा दात-ओठ खात बसले. पण ठाकोरभाई बोलत होते. गुडघ्याबद्दल, जुन्या सुरतेबद्दल, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोबद्दल. कुणीतरी आपल्याशी दीड तास बोललं, हे घरी परतताना आप्पांच्या लक्षात आलं, आणि मासा न मिळाल्याचं दुःख व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

गुरुवारी फिरायला येणारी आणखी पाच माणसं डबे घेऊन हजर. शुक्रवारी ती अकरा झाली. त्यात विठ्ठलही होता, शिट्टी खिशात घालून. गोळ्या लवकर विरघळतात अशी कुणीतरी तक्रार केली आणि आप्पांना राहवलं नाही.

"कणीक में थोडा बेसन डालो. गुळ का पानी. हिंग चिमूटभर, उसका वास माछली को लांब से आता है. और उधर मत फेको, उधर उथळ है. नाले के मुंह के पास फेको, उधर खडी रहती है."

सगळे थक्क झाले. एका बाईंनी तर वहीत लिहून घेतलं. तापीकाठी मासा फसवायला शिकलेली सगळी विद्या आप्पा माशांची सेवा म्हणून वाटत होते आणि मासे दिवसेंदिवस जाड होत होते. संध्याकाळी ठाकोरभाईंनी मोबाइलवर ग्रुप काढला, 'मत्स्य सेवा मंडळ, डिंडोली', प्रमुख धुडकूभाई. महिनोन्महिने ज्या फोनवर चोपड्याशिवाय कुणाचा आवाज आला नव्हता, तो शनिवारी पहाटेपासून टुणटुण करू लागला. सुप्रभातची फुलं, गायी, दिवे. आप्पांनी प्रत्येकाला उत्तर म्हणून हात जोडले. त्यात त्यांचा चहा गार झाला आणि ते खूश झाले.

पण रविवार काही टळला नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे आप्पांना दिसत होतं. मारुती त्यांना आवडू लागला होता, हीच तर पंचाईत. मासा धरला तर मंडळ जाणार. न धरला तर वापी. रात्रभर विचार करून त्यांनी अर्धवट मार्ग काढला. गळ टाकायचा, सगळे गेले की ओढायचा, मालतीबाईंचा फोन दहाला येतो, तोवर उरकेल.

सकाळी साडेसहाला आप्पा पोचले तर मंडळ आधीच जमलेलं, आणि ठाकोरभाईंच्या हातात शाल-नारळ. प्रमुखांचा सत्कार होता. आप्पांनी घाईघाईने नेहमीच्या जागी बसून गळ सोडला आणि बॉबिन मांडीखाली घेतली. ठाकोरभाई बोलायला उभे राहिले.

"धुडकूभाई ने हम को सिखाया कि पानी में भी जीव है. खुद अकेला आदमी, मगर माछली को कभी भूखा नहीं रखा..."

या वाक्याला बॉबिन फिरली. आधी कर्र, मग मांडीखाली फरशीवर खडखड-खडखड, थेट लूमसारखी. पाण्यात नाल्याच्या तोंडाशी एक भलामोठा रोहू पलटी मारून गेला. चौतीस वर्षांनी लागलेला मासा. आप्पांनी दोरी मुठीत पकडली आणि चेहरा होता होईल तेवढा भक्तीचा ठेवला. ठाकोरभाईंनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. आप्पा उठेनात. लोकांना वाटलं, गहिवरले.

आणि फोन वाजला. मालतीबाई. त्यांना धीर कसला तो नव्हताच.

एका हातात रोहू, एका हातात बायको. आप्पांनी अंगठ्याने फोन उचलला.

"सापडना का मासा? दखाडा," मालतीबाई म्हणाल्या. मग पडद्यावर नीट बघून थांबल्या. "आंगवर शाल काबरं शे? आनि मांगे इतला लोके कसाना?"

दोरीला दुसरा हिसका बसला. आता नुसतं ओढायचं बाकी होतं. मासा हातात येईल, वापी टळेल. आप्पांनी वर पाहिलं. अकरा माणसं टाळ्या वाजवायला हात उचलून उभी होती, विठ्ठल सगळ्यांत पुढे. उद्या यातलं कुणी आपल्याशी बोलणार नाही, एवढं त्यांना स्वच्छ कळलं. त्यांनी मूठ उघडली. बॉबिन फरशीवरून दोन उड्या मारून पाण्यात गेली. टाळ्या पडल्या.

"हाई दख," आप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन पाण्याकडे वळवला. पाण्यावर शंभरएक तोंडं उघडी होती. "इतला शेतस. यासमाथून कोनता दखाडू?"

मालतीबाई बराच वेळ पाहत राहिल्या. माशांकडे नाही, माणसांकडे.

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "माले वाटे तुम्ही एखलाच शेतस, टोस्ट खातस. म्हनीसन घोर व्हता. आते काही घोर नही. वापीनं ऱ्हाऊ द्या. मी बी आजून महिनाभर ऱ्हास आठे, रंजनाले बरं पडी."

फोन बंद झाला. आप्पा शाल पांघरून तसेच बसून राहिले. बायकोला परत आणणं तिसरा महिना लागला तरी जमलं नव्हतं, आणि तिला आणखी महिनाभर तिकडेच ठेवणं त्यांनी एका सकाळीत जमवून दाखवलं होतं. त्यांना मोठ्याने रडावंसं वाटलं, पण सत्काराच्या शालीत ते बरं दिसलं नसतं.

नारळाची खिरापत वाटून मंडळी पांगली. ठाकोरभाई तेवढे मागे राहिले. ते सतरंजीची घडी करत होते.

"बडी थी?" त्यांनी विचारलं.

"क्या?"

"माछली. बॉबिन ले के गई ना."

आप्पांनी शाल सावरली. "तुमको मालूम था?"

"पहले दिन से. सुरत में जन्मा हूँ भाई, बॉबिन नहीं पहचानूँगा? दोरी दिखती थी."

"फिर विठ्ठल को झूठ क्यों बोला?"

ठाकोरभाईंनी घडी काखेत मारली. "दो साल से उस बाकडे पर बैठता हूँ. कोई आता नहीं. तुम आए. सीटी से तुम चले जाते, तो मैं फिर बाकडे पर." मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "बनाते कैसे हो तुम लोग? काळा मसाला डाल के? मेरी घरवाली बनाती थी. अब बहू के घर में कांदा भी नहीं आता."

मत्स्य सेवा मंडळाचे प्रमुख आणि संस्थापक दोघं मिळून मग मासळी बाजारात गेले. बगळ्याच्या चिकाटीने आप्पांनी एकेका माशाचे डोळे तपासले. शाल त्यांच्या अंगावर तशीच होती, त्यामुळे कोळिणीने त्यांना मान देऊन चांगला रोहू काढून दिला. घरी येऊन आप्पांनी कांदा-खोबरं भाजलं, ठाकोरभाईंनी लसूण सोलला, आणि गुडघ्यांपासून सुरुवात करून दोघं बोलत राहिले. मंडळातलं कुणी दारावरून गेलं की दार तेवढं लोटून घेत होते.

दुपारी जेवता जेवता परत मालतीबाईंचा फोन आला. बाळासाठी ठेवलेली टोपी सुरतेतल्या कुठल्या पेटीत राहिली, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सांगून झाल्यावरही त्या फोन ठेवेनात.

"खट-खट नही आज," त्या म्हणाल्या. "पंखा दुरुस्त कया का?"

आप्पांनी वर पाहिलं. पंखा सकाळपासून लावलाच नव्हता. समोर ठाकोरभाई रोहूचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवत होते.

"हा," आप्पा म्हणाले. "दुरुस्त व्हयना."