व्हिडिओ गेमचा पोत

प्रल्हादभाऊ गावंडे व्हिडिओ गेमची डबी हातात घेतली की ती आधी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून चोळतात. मग दाराशी उजेडात नेऊन तिरपी करून बघतात. मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणतात, "घेऊन जा बिनधास्त. याचा रंग जाणार नाही."

गिऱ्हाईक बहुधा इंजिनिअरिंगचा पोरगा असतो. गेमचा रंग जाऊ शकतो ही शंका त्याला तोवर आलेली नसते. आता येते.

अकोल्याच्या कापड बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. शेजारी साड्यांचं दुकान, आणि त्यात गावंडेभाऊ. त्यांचं सगळं आयुष्य साड्यांच्या घड्या मोडण्यात आणि पुन्हा घालण्यात गेलं. मग मालकांचा मुलगा निलेश पुण्याहून परत आला. त्याने दुकानाच्या मधोमध काच बसवली, अर्ध्या भागात साड्या ठेवल्या आणि उरलेल्या अर्ध्यात व्हिडिओ गेम. साड्यांकडे दोन बाया नेमल्या गेल्या आणि गावंडेभाऊंना काचेच्या पलीकडे पाठवण्यात आलं. "काउंटर म्हणजे काउंटर," मालक म्हणाले.

गावंडेभाऊंनी जन्मात एकही गेम खेळलेला नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर बायांना "तुमाले हाच रंग खुलते" असं छातीठोकपणे सांगितलं, त्याला एखाद्या मालाबद्दल मत नसणं म्हणजे नोकरीत कसूर वाटते. त्यामुळे त्यांना प्रत्येक गेमबद्दल मत आहे. ते डबीवरच्या चित्रावरून बनतं आणि मग कोणाच्या बापाच्यानेही बदलत नाही.

नव्या गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "रोजच्या वापराचं पाह्यजे, की देण्याघेण्याचं?"

पोरगा बावचळून म्हणतो, "काका, मला तो नवीन शूटिंगचा पाहिजे."

"थो नको घेऊ."

"का?"

"हिरो पाह्य त्याचा. एवढ्या उन्हातान्हात लढून राह्यला अन् अंगात काळं जाकीट. डोकं नाही त्याले. मी सांगून राह्यलो ना!"

एकाने गाड्यांच्या शर्यतीचा गेम मागितला. गावंडेभाऊंनी डबीवरची लाल गाडी बराच वेळ निरखली. "गाडी चांगली आहे," ते म्हणाले, "पण डिक्की नाही. चार माणसाचं सामान कुठी ठेवशीन?" दुसऱ्याला प्रेतं उठून चालतात तो गेम हवा होता. त्याला त्यांनी विचारलं, "तुह्या घरी आजी आहे का?" तो म्हणाला, आहे. "मंग राहू दे. म्हाताऱ्या माणसाच्या घरात असं काई नेऊ नाही." तिसऱ्याने त्यांना समजावलं, की काका, हिरो मेला तरी पुन्हा जिवंत होतो, काळजी करू नका. यावर ते एकदम गंभीर झाले. "पुन्हा पुन्हा उठते? मंग त्याले जिवाची किंमत काय राह्यली?" तो पोरगा शेवटी हेडफोन घेऊन गेला.

निलेश कपाळाला हात लावायचा. "काका, त्यायले सगळं माहीत असते. तुमी फक्त बिल करा."

"बिल तं मशीनही करते. माणूस काहून ठेवला मंग?"

निलेश काचेपलीकडे साड्यांकडे निघून जायचा.

प्रकरण हाताबाहेर गेलं ते अंजनगाव सुर्जीच्या एका गृहस्थांमुळे. मुलाचं गणित कच्चं होतं, म्हणून ते गणित सुधारेल असा गेम मागत आले होते. गावंडेभाऊंनी त्यांना बंदूकवाल्याचा गेम बांधून दिला. "निशाणा काई गणिताशिवाय लागत नाही," असं वर सांगितलं. आठवड्याने ते गृहस्थ परत आले. मुलाचं गणित होतं तिथेच होतं, मात्र तो घरात येणाऱ्याजाणाऱ्यावर उशीच्या आडून नेम धरायला लागला होता. निलेशने माफी मागून डबी परत घेतली आणि गावंडेभाऊंना शेवटची ताकीद दिली. पुन्हा असं झालं तर गोदामात.

गोदाम दुकानाच्या मागे आहे. खिडकी नाही, नुसती खोकी. गावंडेभाऊ माझ्याकडे येऊन बसले. "भाऊ, तिथं मी कोनासंग बोलू?"

त्यानंतर ते चार दिवस खरोखर गप्प राहिले. पोरं यायची, स्वतःच डबी निवडायची आणि निघून जायची. दुकान मुकं झाल्यासारखं वाटायला लागलं.

मग एका दुपारी बार्शीटाकळीहून एक बाई आल्या. मी सुटे पैसे मागायला तिथेच गेलो होतो. बाईंच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं गेमचं मशीन होतं. मुलाला हैदराबादला नोकरी लागली, मशीन घरात तसंच पडून आहे, म्हणून विकायचं, असं त्यांनी सांगितलं. निलेशने मशीन उलटसुलट करून पाहिलं. तो काही बोलणार, इतक्यात गावंडेभाऊंना राहवलं नाही.

"बंद ठेवलं होतं काय हे?"

"हाव. तो गेला तवापासून."

"अरे बाप्पा! बंद राह्यलं तं आतून गंजते हे. रोज संध्याकाळी अर्धा घंटा लावा लागते."

"मले कुठी येते लावता?"

"ज्याचं आहे त्याले फोन करा. कोनतं बटन दाबू, इचारा. दुसऱ्या कोनाले इचारून चालत नाही. याले त्याच्याच हाताची सवय आहे."

निलेशने डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, "त्याले टाइम असते काय, भाऊ?"

"मशीन खराब झालं तं नुकसान कोनाचं? त्याचंच ना? मी सांगून राह्यलो ना!"

बाईंनी मशीन पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि बस गाठायला निघून गेल्या.

"गंजते?" निलेश ओरडला. "आत काय विळा ठेवला आहे काय? सोमवारपासून गोदामात!"

सोमवारी गावंडेभाऊ डबा घेऊन मुकाट गोदामात गेले.

महिनाभराने त्या बाई पुन्हा आल्या. "ते मोठे भाऊ कुठी गेले?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. आता हीही तक्रार, असं समजून निलेश आधीच हात जोडायच्या बेतात होता. पण बाईंना दुसरा रिमोट हवा होता. पहिल्या संध्याकाळी वायर कुठली कुठे लावायची यातच सगळा वेळ गेला म्हणे, आणि पोरगा फोनवर चिडला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर गाडी आली, ती बाईंनी थेट तलावात घातली. पोरगा तिकडे इतका हसला, की त्याच्या खोलीतले मित्र गोळा झाले. "आता थोच फोन करते. आई, मशीन लावलं का म्हून. दिवाळीले येऊन राह्यला, तं दोघायले एक रिमोट पुरते काय?"

निलेश उठला, मागे गेला आणि गावंडेभाऊंना घेऊन आला. गोदामाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी गावंडेभाऊ माझ्या दुकानात आले तेव्हा मी म्हटलं, "गंजण्याची ही विद्या कुठून आणली?"

ते हसतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"माह्या पोरीचं, मायाचं, शिलाई मशीन होतं घरी. लग्न होऊन सुरतले गेली तं ठेवून गेली. मंग फोन करे, बाबा, मशीनले तेल देलं का? मी म्हणो, हाव, देलं. मंग त्यातून आनखी दोन गोष्टी निघत. दोन वर्सं झाले, घरात अडचण होते म्हून मी विकून टाकलं."

"मग तुम्हीच करायचा ना फोन."

"करतो ना. पन मी केला का थे इचारते, 'काई काम होतं का, बाबा?' आता काम तं काईच नसते, भाऊ."

मी उगाच एक पुसलेली काच पुन्हा पुसली. मग म्हटलं, "कामच पाहिजे ना? मग तिला एखाद्या गेमचं विचारा."

"तिले काय समजते त्यातलं?"

"आणि तुम्हाला?" मी म्हटलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, तो हातभर लांब धरून नंबर लावला आणि खाकरले.

"माया? हाव, काम आहे. एका खेळात एक पोरगी आहे, हातात तलवार, अन् चौफेर बर्फ. अंगात स्वेटर नाही. गिऱ्हाइकाले काय सांगू मी?"

पलीकडून काय मत आलं ते मला ऐकू आलं नाही, पण ते लांबलचक होतं. गावंडेभाऊ मान डोलवत होते. "हाव... हाव ना... मी बी तेच म्हणतो."

इतक्यात निलेश गावंडेभाऊंना हाका मारत बाहेर आला. त्याच्या मागे एक गिऱ्हाईक डबी हातात धरून उभं होतं. मी दारात जाऊन निलेशला थांबायची खूण केली आणि त्या पोराला आत बोलावून म्हटलं, "ये, बस. तोवर तुझ्या डोळ्यांचा नंबर तपासून देतो."