हिरूकाकांची तपासणी

साखरेच्या तपासणीला अभ्यास करून बसणारा माणूस मी एकच पाहिला. रोह्याजवळच्या वरश्याचे आमचे शेजारी, हिरूकाका.

एरवी जिलेबीला ते कधी नाही म्हणायचे नाहीत. पण आरोग्य केंद्रातली तपासणी जवळ आली, की कारल्याचा रस, मेथीचं पाणी आणि रोह्यापर्यंत ताडताड फेऱ्या. कुणी हटकलं तर न थांबता सांगायचे, "पेपर जवळ आलाय!" साखर जास्त निघाली की "नापास", जरा उतरली की "काठावर पास". जन्मभर कंपनीत शिफ्ट केलेला माणूस, एकदा मनावर घेतलं की साहेबाचंही ऐकायचा नाही.

काकू गेल्यापासून ते एकटेच. लेक नलू पेणजवळ जोह्याला दिलेली. सासरी गणपतीचा कारखाना. काका नापास झाले, की ती हातातलं रंगकाम टाकून धावत यायची.

गेल्या श्रावणात, तपासणीच्या आदल्या दिवशी, मी सकाळी ताक द्यायला गेलो, तर काका ओटीवर बसलेले. अंग घामाने निथळतंय, हात लटलट कापतायत. मी साखरपाणी ढवळून तोंडाशी नेलं. काकांनी दातच आवळले.

"नाय! साखर नाय! उद्या तपासणी हाय!"

घोटभरही आत जाऊ दिलं नाही. बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलं, तसं मी त्यांना रिक्षात घातलं आणि आरोग्य केंद्र गाठलं. सिस्टरने बोट टोचलं आणि हाकच मारली, "डॉक्टर, शुगर पार खाली गेलीय!" शिरेतून ग्लुकोज गेलं. हळूहळू काकांच्या नजरेत ओळख आली.

"किती आली?" पहिला प्रश्न.

सिस्टरने आकडा सांगितला.

"म्हंजे पास!"

"पास कसले काका? थोडक्यात वाचलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काय केलंत? खरं सांगा."

"कालपासून जेवलो नाय. आणि गोळ्या दुप्पट घेतल्या."

"कशासाठी?"

काका छताकडे बघत हळूच म्हणाले, "गणपतीचा सीझन चालू हाय. काम टाकून पोर येते, मग सासरी तिला बोलणी बसतात. माझी साखर बरी आली, तर तिला यायला लागणार नाय."

डॉक्टरबाईंचा आवाज खाली आला. "काका, रोज जसं जेवता तसंच जेवत जा. खरी साखर कळली तरच मला औषध ठरवता येईल. आणि असा घाम सुटला, हात कापले, तर आधी साखर तोंडात टाका, मग इथे या."

"बरं," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

नलूला मी फोन केलाच होता. दुपारच्या एसटीने ती आली. बोटांना रंग तसाच. मला वाटलं, आता ही कडाडणार. पण ती नुसती कॉटपाशी उभी राहिली.

"घरी सांगून आलीस ना गो?" काकांनी विचारलं.

"व्हय. सासूबाईंनीच पाठवलं. बरं वाटेपर्यंत राहा म्हणाल्या."

काका सुई लावलेला हात सांभाळत भिंतीकडे सरकले आणि त्या अरुंद कॉटवर त्यांनी लेकीला बसायला जागा केली.