अठ्ठ्याहत्तर मीटर दूर

"मी अंगणवाडीत उभी आहो! या फळ्यासमोर! आन् हा फोन म्हणते, अठ्ठ्याहत्तर मीटर दूर! कोण दूर आहे? माही सावली?"

"मले काहून वरडतेस, माय? मी म्हणून राहिलो का?"

"तूच आणला ना हा!"

आणला होता मीच. आमची आई, रत्नमाला, अड्याळच्या पुढच्या गावात अंगणवाडी सेविका. सकाळी दहाच्या आत फोनवर हजेरी लावायची. अंगणवाडीपासून वीस मीटरच्या बाहेर असलं की अ‍ॅप हजेरी घेत नाही. जुना फोन पक्का थापाड्या होता. कधी आईला तलावात दाखवायचा, कधी कोणाच्या धानाच्या बांधीत. पण दारात दहा मिनिटं उभं राहिलं की ठिपका फिरत फिरत कुठंतरी बरोबर बसायचा आणि हजेरी लागायची. मला ते थापा मारणं सहन होईना. मी डोकं लावलं आणि लाखनीहून नवा फोन आणला. हा सॅटेलाइट दोन-दोन फ्रिक्वेन्सीवर पकडतो, चार मीटरच्या वर चुकत नाही. तेव्हापासून आई सलग तीन दिवस गैरहजर. चौथा पडला की नोटीस. आज चौथा, आणि पावणेदहा वाजलेले.

"टिनाखाली नाही पकडत. बाहेर ये."

बाहेर आलो. अठ्ठ्याहत्तर.

"आता फोन हातात धरून हवेत आठचा आकडा काढ, त्याचं होकायंत्र ठीक होते. असा."

आईने दात-ओठ खात आठ काढला. मागे पंधरा लेकरं रांगेत उभी राहून रिकाम्या हाताने आठ काढायला लागली.

"बाई, आता नऊ काढू?"

"चूप!" आई आणि मी एकदम ओरडलो.

अठ्ठ्याहत्तर.

आईने पर्यवेक्षिका रिता मॅडमला फोन लावला. "जयभीम मॅडम, हजेरी लागून नाही राहिली."

"रत्नमालाताई, अ‍ॅप चुकत नाही. तुमचा फोन चुकते. चांगला फोन घ्या."

"घेतला ना मॅडम! तवापासूनच तर..."

मॅडमने फोन ठेवला. माझं डोकं सटकलं. फोन हिसकला आणि सरळ चालायला लागलो. पाहू तरी हा कुठं नेते! हापशीपाशी साठ. तणसाच्या ढिगापाशी एकेचाळीस. मागे आई, आईमागे पंधरा लेकरं, कारण मदतनिसाची जागा वर्षापासून रिकामी. पल्याड राहणाऱ्या देवकाबाईच्या अंगणात अठरा. स्वयंपाकघरात, पंख्याखालच्या खाटेपाशी दोन.

"काहून रे अश्विन, चुलीत घुसतेस का आता?" देवकाबाई झारा घेऊन उभी.

आई अंगणाबाहेरच थांबली होती. हापशीवरच्या भांडणापासून दोन वर्षं या दोघी बोलत नाहीत.

"माय, ये! पाच मिनिटं राहिली!"

"मी तिच्या दारात पाय नाही ठेवत!"

"नोकरी जाईन ना बे... ना माय!"

नऊ अठ्ठावन्नला आई आत आली. फोनकडे तोंड केलं, देवकाबाईकडे पाठ. टिंग. 'हजेरी नोंदवली.'

"पण माह्या घरात काहून?" देवकाबाईने विचारलं. मग तिलाच आठवलं. "हव बाप्पा! गेल्या उन्हाळ्यात मॅडम आली व्हती, अंगणवाडीची जागा फोनात टाकाले. ऊन लई व्हतं. म्हणे, आधी पाणी द्या. या खाटेवर बसली, पोहे खाल्ले, आन् इथंच बोट दाबून गेली."

म्हणजे जुना फोन चुकत होता म्हणूनच आई हजर होती. मी तो सुधारला!

मॅडमला सांगितलं, तर ती माझ्यावरच भडकली. म्हणे जागा बदलायचा अर्ज वर जाईल, वेळ लागेल, तोवर जिथं लागते तिथं लावा.

आता रोज आई तिथं जाते. देवकाबाईची अट एकच, घरात आलेलं माणूस चहा पिल्याशिवाय जाणार नाही. पहिल्या दिवशी आई उभ्यानेच, तिच्याकडे न पाहता प्यायली. दुसऱ्या दिवशी बसली. आता साखर कमी टाकण्यावरून भांडतात आणि साडेदहाशिवाय उठत नाहीत. लेकरं मात्र न्यायची नाहीत, देवकाबाईने वाळत घातलेल्या वड्या त्यांनी तुडवल्या.

काल मॅडमचा फोन आला. "शाब्बास रत्नमालाताई! हजेरी पुरी शंभर टक्के!"

आता दहा वाजून वीस मिनिटं झाली. आई हजर आहे, अंगणवाडीला कुलूप आहे. पंधरा पोट्टे दाराशी बोंबलून राहिले, आणि किल्ली आईने माझ्या खिशात टाकलेली. थांबत नाही, मले जा लागते.