'सिरीयस' कुणाला सांगायचं

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुणी वारलं, की घरातला एकजण मोबाईल घेऊन दस्तगीरचाचांच्या दुकानात येतो. मोबाईल त्याचा, नातेवाईक त्याचे, पण बोलायचं चाचांनी. पूर्वी त्यांचा एसटीडी बूथ होता. लोक नंबर फिरवायचे, पलीकडून 'हॅलो' आलं की रडायला लागायचे आणि मीटर पळत राहायचं. मग चाचाच रिसीव्हर हातात घ्यायचे. बूथ जाऊन तिथं झेरॉक्सचं मशीन आलं, तरी हे काम त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

कामाचे नियम पक्के. "पावण्याला 'ऑफ' सांगायचं, म्हंजे गेला. त्यो टोपी घालतो आणि निघतो. हापिसात 'ऑफ' चालत न्हाय, तिथं 'एक्सपायर' लागतं, न्हायतर साहेब रजा देत न्हाय. आणि लेकीला, भैनीला 'सिरीयस'. मयत झालं असलं तरी 'सिरीयस'च. एकटी बाई एसटीत बसून येणार, तिला वाटंत कोण धरणार?"

"आणि जावयाला?" मी विचारलं.

"जावयाला 'सिरीयस' सांगितलं तर त्यो रविवारी येतो. त्याला सरळ 'ऑफ'."

मी चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेला. मला हे सहन व्हायचं नाही. माणूस मेला तरी आपल्याला साहेबाच्या भाषेतला शब्द लागतो, ही गुलामीच. त्यात मेलेल्याला 'सिरीयस' म्हणणं म्हणजे निव्वळ खोटं. एकदा मी दुकानात उभा राहून हे सगळं ऐकवलं. म्हणालो, "चाचा, लोकांना सत्य पेलतं."

ते मशीनमधला अडकलेला कागद ओढत होते. मान वर न करता म्हणाले, "पेलतं की. पण बसायला जागा मिळाल्यावर."

सगळ्या पेठेचे फोन करणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र एकच फोन यायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. गडहिंग्लजला थोरली बहीण होती. ती रोज दुपारी फोन करून "जेवलास काय" एवढं विचारायची. चाचा "व्हय आपा" म्हणायचे आणि मगच डबा उघडायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी माझा फोन वाजला. आपांचा मुलगा रफिक बोलत होता. "अम्मी गेली. मामूला माझ्या तोंडानं न्हाय सांगता येत. तुम्ही सांगा."

दुकानापर्यंत जाताना मी वाक्य जुळवलं. सरळ, मराठी, खरं. चाचा कुणाच्या तरी आधारकार्डाची झेरॉक्स काढत होते. डबा बाजूला तसाच बंद होता.

मी म्हणालो, "चाचा, आपा सिरीयस आहेत."

त्यांनी मशीनचं झाकण हळूच खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हसतील किंवा शिवी देतील.

"ॲडमिट केलंय काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग चल."

एसटीत खिडकीची जागा मिळाली. निपाणीपर्यंत ते तिकीट दुमडत, उलगडत राहिले. मग म्हणाले, "जरा बरं वाटलं की तिला कोल्हापूरला आणू. हितलं डॉक्टर चांगलं हायत. माझ्याकडंच ऱ्हाईल." मी हो म्हणालो. आणखी काही विचारतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती, पण त्यांनी विचारलं नाही. संकेश्वरच्या पुढं ते बाहेर बघत राहिले. ओठ सारखे हलत होते. मी तिकडं पाहायचं टाळलं.

गडहिंग्लजच्या स्टँडवर रफिक उभा होता. मागं टोपी घातलेले दोघंतिघं. तो पुढं आला. "मामू, अम्मी..." एवढंच म्हणाला. पुढचा शब्द निघेना.

चाचांनी त्याची मान धरून त्याला छातीशी घेतलं.

"ऱ्हाऊ दे, तू नको बोलू," ते म्हणाले. "ह्यानं वाटंत सांगितलं मला समदं."

मी वाटेत काहीच सांगितलं नव्हतं.